भंडाऱ्याच्या डबीतलं सिम

बाळाबाई,

तुला वाचता येत नाही आणि मला लांबण लावता येत नाही. कुणी शहाणं माणूस भेटलं तर त्याच्याकडून हे एका दमात वाचून घे. तू आता माळशेज उतरून खाली कुठल्या तरी भातखाचरात मेंढरांचा वाडा टाकून बसली असशील. तुझा नंबर लावला की ती बाई म्हणते, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मला ते पाठ झालंय, तरी लावते.

जाताना तू माझ्याकडे एक काम सोपवलंस. त्याचं काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण सांगायचं तर गोरक्षपासून सुरुवात करावी लागते, आणि गोरक्षची गोष्ट मी तुला काय सांगणार? म्हणून मधलं सगळं इतरांसाठी लिहिते. तेवढ्यात तू चहा ठेव.

तर, बाळाबाई ही आमच्या लोणीची. सोनबा धनगराची बायको. उंच, हाडापेराने रुंद, आवाज असा की पलीकडच्या बांधावरून बोलली तरी शेजारी बसल्यासारखी. त्यांची मेंढरं पिढ्यांपासूनची. मी बी.ए. होऊन मंचरला पतसंस्थेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घरची शेती बघायला लागले. तेव्हापासून आमच्या वावरात मेंढरं बसतात ती सोनबाचीच. कांदा निघाला की रिकाम्या रानात कळप आणायचा, रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वाघर थोडी पुढे सरकवायची. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, आणि पुढचं पीक असं येतं की युरियाच्या पोत्याने लाजावं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतात, पैसे देतात. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हे चालतं. दिवाळी झाली की इकडे चारा संपतो, मग घोड्यावर संसार लादून ही मंडळी घाट उतरून कोकणात जातात, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर वर येतात.

गोरक्ष त्यांचा एकुलता एक. बारावी झालेला. त्याने एक दिवस माझ्या ओट्यावर बसून मेंढरांचं दुकान काढलं. चेष्टा नाही. फोनवर आपण काही शोधलं की दुकानं, दवाखाने, त्यांचे नंबर येतात ना, त्या यादीत त्याने आपला कळप घातला.

"आक्का, दुकानाचं नाव काय देऊ?"

"कुठलं दुकान रे?"

"मेंढरं. त्ये इचारतंय, बिझनेसचं नाव सांगा."

नाव ठरलं, 'सोनबा मेंढपाळ, लोणी. शेतात मेंढरं बसवून मिळतील.' पत्ता भैरवनाथाच्या देवळाजवळचा लिंब. नंबर आईचा, कारण आई घरी असते आणि फोन उचलते. सोनबा कुरकुरला, "आमचा बा नुसती हाळी दिऊन गिऱ्हाईक करायचा." पण फोन यायला लागले. पार मंचर, नारायणगावकडचे. एका माणसाने पाचातली एकच चांदणी देऊन खाली लिहिलं, 'दिलेल्या पत्त्यावर गेलो, दुकान जागेवर नव्हते.' ते मी बाळाबाईला वाचून दाखवलं.

"मंग काय मेंढरं लिंबाला बांधून ठिवू?" ती म्हणाली. "सांगा त्येला, दुकान चरायला ग्येलंय."

त्या नंबराचं सिम गोरक्षच्या नावावर घेतलं होतं. बाळाबाईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. जन्मभर लोकर कातरून आणि वाखाची दोरी वळून बोटं गुळगुळीत झालीत. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

मग तो अपघात झाला. कोकणातून परत येताना कळंबजवळ हायवे ओलांडायचा होता. पुढे सोनबा, मागे गोरक्ष. मागच्याने गाड्या अडवायच्या असतात. गोरक्षचा एक हात वर होता आणि दुसरा कानाला. ट्रक आला. किती मेंढरं गेली ते मी सांगत नाही; रस्ता धुवायला टँकर लागला एवढं सांगते. सोनबाने पोराच्या हातातला फोन ओढला आणि पुढे आल्यावर डिंभ्याच्या कालव्यात भिरकावला. सगळ्या वाड्यादेखत म्हणाला, "मेंढरं ग्येली, आता तूबी जा."

आणि पोरगा गेला. अंगावरच्या कपड्यानिशी. बाळाबाई घोड्यावरचं सामान सोडत होती, तिला वाटलं हा रडायला आडोशाला गेलाय. येईल.

तो फोन गिऱ्हाइकाचा होता हे नंतर कळलं. बागायतदार विचारत होता, मेंढरं कधी येताय. सोनबाला हे कळलं तेव्हा तो माझ्या बांधावर उकिडवा बसून राहिला आणि माती उकरत राहिला. मी चहा दिला, तो तसाच निवला.

आम्ही चौकीत नोंद केली. पोरगा सज्ञान, स्वतःच्या पायाने गेलेला. ते तरी काय शोधणार. गोरक्षला कुणाचाच नंबर पाठ नव्हता. ही आजची पोरं. आईचा नंबर 'आये' या नावाखाली असतो आणि फोन बुडाला की आईही बुडते. पण बाळाबाईने विचार करून ठेवला होता आणि तो विचार चुकीचा नव्हता.

"आक्का, त्यो नवा फोन घील. मंग आपलं दुकान हुडकील. त्यानंच घातलंय ना त्यात. हुडकलं की माजा नंबर घावलंच."

"आणि सरळ घरी का नाही येणार?"

"बा 'जा' म्हणलाय. बोलावल्याबगर कसा यील? फोन करील पयला. मी म्हणीन ये, मंग यील."

एवढंच. एक फोन यायचा आणि तिने 'ये' म्हणायचं. दीड वर्ष ही बाई या एका शब्दावर जगते आहे.

आता तिने काय केलं ते ऐका. धनगर कोकणात उतरतात तेव्हा जास्तीची भांडी धुऊन, पालथी घालून, घरातच ठेवून जातात. तसंच ते सिमही काढून ठेवायचे. खाली रानात रेंज नसते, शेतकऱ्यांचे फोन तिकडे कामाचे नसतात, उगाच रिचार्ज कशाला? आल्यावर घालायचं, पैसे भरायचे, फोन सुरू. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि गोरक्षलाही ते ठाऊक होतं. तो गेला त्या दिवाळीला बाळाबाईने सिम काढलं. पण आता ते सिम म्हणजे पोरगाच होता. पाण्यात पडलं तर, हरवलं तर, या भीतीने तिने ते देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या डबीत, हळदीत पुरून ठेवलं. खंडोबाला सांगितलं, संभाळ. यापेक्षा सुरक्षित जागा तिच्या जगात नाही.

त्या साली खाली सोनबाचा पाय मोडला आणि यायला उशीर झाला. आल्यावर डबी उघडली, सिम पुसलं, घातलं. मेलेलं. मी दुकानात घेऊन गेले. तो म्हणाला, "बरेच महिने रिचार्ज नाही, कंपनीने नंबर काढून घेतला. ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा, बघू."

"ज्याच्या नावावर आहे त्यालाच तर शोधतोय आम्ही," मी म्हणाले. बाळाबाईने पदराने सिमवरची हळद पुन्हा पुसली, जणू तेवढ्यानेच अडलंय.

बरं, रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी माझ्या नावावर तिला नवं सिम घेऊन दिलं. तिने एक स्वस्तातला टचचा फोन घेतला, कारण गोरक्ष तोंड दाखवील म्हणे. मग मी माझ्या फोनवरून त्या यादीत दुरुस्ती सुचवली: जुना नंबर बंद, नवा हा. दोनचार शेतकऱ्यांकडूनही तेच कळवायला लावलं. काही दिवसांनी नंबर बदलला. बाळाबाईच्या फोनवरही मी शोधून दाखवलं. तिला अंक ओळखता येतात. तिने एकेक अंकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता बराबर."

मग बातमी आली. पेपरात आतल्या पानावर, भाजीपाल्याच्या भावांच्या वर. शोधून देण्याचा धंदा करणाऱ्या दोन बड्या कंपन्या, एकमेकींना कोर्टात खेचणाऱ्या, आता एकत्र आल्या. काही स्वस्त फोनांवर शोधायचं काम यापुढे पहिलीच्या जागी दुसरी करणार. का, कशासाठी, त्यांचं त्यांना माहीत. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत नाही का, काल एकमेकांच्या आया-बहिणी काढणारे आज एका पॅनेलच्या टेंपोत उभे असतात. खाली छापलं होतं, वापरणाऱ्यांना काहीही फरक जाणवणार नाही. मी वाचलं आणि त्याच कागदावर कोथिंबीर निवडली.

फरक खरंच जाणवला नाही. बाळाबाईच्या फोनवर चौकोन तोच, रंग तोच. नवरात्र उलटल्यावर अवसरीचा एक बागायतदार मोटारसायकलवर शोधत आला.

"मावशी, राव, फोन कुणाकडं देऊन ठेवलाय? लावला तर बैलाचा व्यापारी बोलतोय. म्हणतो मेंढरं न्हाईत, खिल्लारी खोंड पायजे का?"

मी माझा फोन आणि बाळाबाईचा फोन बाजेवर शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींवर तेच शोधलं. माझ्यावर नवा नंबर. तिच्यावर जुना, भंडाऱ्यातला. दुसऱ्या कंपनीने आपली यादी कधीतरी पूर्वीच, गोरक्षने लिहिलं तशी, उचलून ठेवली असणार, आणि आता तिच्या फोनवर ती यादी बोलत होती. आमची दुरुस्ती पहिलीच्या वहीत राहिली. खोका तोच आणि आतला माणूस बदललेला.

"गोरक्ष असला स्वस्तातलाच फोन घील," बाळाबाई म्हणाली. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलले नव्हते.

तिने तिथल्या तिथे जुना नंबर लावला. मी स्पीकर चालू केला.

"कोण?"

"मी बाळाबाई, लोणीची. ह्यो नंबर माजा हाय."

"व्हता. आता माजा हाय. मेंढरं बसवायची का तुमाला बी? बसवा, माझ्या डोस्क्यावर बसवा!"

मी फोन हातात घेतला. "अहो, तुम्ही कोण ते तरी सांगा."

बाईमाणूस शुद्ध बोलायला लागलं तसा तो जरा नरमला. नाव चांगदेव. संगमनेरकडचा. बैलांचा व्यापार, दर सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला येतो. नंबर दुकानदाराने दिला तो घेतला. "ताई, मला येड लागायची पाळी आली. दसऱ्यापासनं ह्ये सुरू झालंय. आन् त्या पोराला बी सांगा, परत फोन करू नको म्हणावं."

"कुठल्या पोराला?"

"एक पोरगं हाय. फोन लावतंय आन् म्हणतंय, 'आये.'"

बाळाबाईने बाजेचा खूर धरला.

"काय बोलला तो? सगळं सांगा," मी म्हणाले.

"पयल्यांदा मी म्हणलं रॉंग नंबर. दुसऱ्यांदा बाजारात व्हतो, सौदा चालल्याला, रुमालाखाली हात, बोटांनी भाव. त्यो म्हणला, आयेला द्या, येकदाच द्या. मी म्हणलं, हितं तुझी आये-बिये कोन न्हाई, ठिव. तर म्हणला, 'तिनंच सांगितलंय का असं म्हनायला?' आन् ठिवला."

पलीकडे एक बैल हंबरला.

मग बाळाबाई फोनवर वाकली. मला वाटलं आता ही ओरडणार. तिने विचारलं, "भाऊ, आवाज कसा व्हता त्येचा? सर्दी-बिर्दी व्हती का?"

"न्हाई ओ मावशी," तो म्हणाला. "चांगला व्हता आवाज."

कुठल्या नंबरावरून आला होता ते त्याच्या फोनात राहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी फोनावर फोन. तो नंबर कधीच वाहून गेला होता. पुन्हा आला तर सांगतो, म्हणाला. आणि त्याने बाळाबाईचा नवा नंबर लिहून घेतला. पण 'तिनंच सांगितलंय का' असं विचारून फोन ठेवणारा पोरगा तिसऱ्यांदा कशाला लावील? उरली एक वाट. दुसऱ्या कंपनीच्या यादीतला नंबर बदलायचा, म्हणजे कधी वर्षाने, सहा महिन्यांनी त्याने नुसतं उघडून बघितलं तरी नंबर वेगळा दिसेल, आणि त्याला कळेल की आईचा फोन बदलला होता. आईने त्याला टाकलं नव्हतं.

मी बसले दुरुस्ती करायला. ही दुसरी कंपनी जास्त कडक निघाली. सुचवून भागेना. ती म्हणाली, यादीत जो नंबर आहे त्याच्यावर आम्ही फोन करू, मशीन आकडे सांगेल, ते आकडे इथे भरा. म्हणजे आकडे चांगदेवला ऐकू येणार. मी त्याला समजावून सांगितलं.

"न्हाई, ताई," तो म्हणाला. "त्ये ओटीपी असतंय. कुणालाबी सांगू नका म्हणून फोनच बोलतंय रोज. आमच्या गावात एकाचं बँकेतलं सगळं ग्येलं."

"मी चोर वाटते का तुम्हाला?"

"चोर बी शुद्धच बोलत्यात."

आता याला काय म्हणणार! मी असते तरी हेच केलं असतं. शेवटी त्यानेच तोड काढली. सोमवारी बेल्ह्याला या. तोंड बघू, आधार बघू. माझ्या शेजारी बसून त्या मशीनला फोन करायला लावा, आकडे तुमच्या कानात सांगतो. ठरलं.

शनिवारी फर्मान निघालं, लंपीची साथ, तालुक्यातले जनावरांचे बाजार पुढच्या आदेशापर्यंत बंद. गुरांच्या अंगावर गाठी यायला लागल्या होत्या हे खरंच. बंद करायलाच हवे होते. तरी मी त्या दिवशी पेपर फाडला. चांगदेवला फोन केला. तो म्हणाला, "उघडला की सांगतो, ताई. आमचं बी पोट त्याच्यावरच हाय."

बाळाबाई रोज सकाळी यायची. बांधावरून हाळी द्यायची, "आक्का, बाजार?" मी मान हलवायची. सोनबा मागे रस्त्यावर उभा असायचा, तोंड दुसरीकडे करून. एकदा त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "तितं त्या यादीत माजं नाव हाय न्हवं? सोनबा म्हणून?" मी हो म्हटलं. "त्ये काडा," तो म्हणाला. "माजं नाव बघून त्यो बंद करत आसंल." मी काढलं नाही. त्या नावानेच तर पोरगा शोधणार. ते त्याला सांगितलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या."

दिवाळी झाली. बाजार बंदच. रानात काडी उरली नाही. मेंढरं बांधाची माती चाटायला लागली. मेंढरं थांबत नाहीत, बाई. दुसऱ्या वाड्यांची घोडी लादून झाली होती.

आणि इथून पुढचं पुन्हा तुझ्यासाठी, बाळाबाई.

तू निघायच्या सकाळी आलीस ती काखेत घोंगडी घेऊन. काळी, काठाला पांढरी रेघ, अजून खळीचा वास येत असलेली. आपल्याच मेंढरांची लोकर, सणगराकडून विणून घेतलेली. ती कुणासाठी विणून घेतली होतीस ते मला माहीत होतं, कारण लांबी सोनबाच्या मापाची नव्हती.

"आक्का, बाजार उघडला की तुमी जावा. ह्ये त्या चांगदेवाला द्या. रिकाम्या हातानं कसं मागायचं?"

मी म्हटलं, "अगं, त्याने तुझ्या पोराला हाडतहुडूत केली."

"केली तर केली. त्येच्या कानात माज्या पोराचा आवाज ग्येलाय. आपल्या कुणाच्या कानात ग्येलाय?"

मला चीड आली. मी तुला म्हटलं, जा आता, घाट चढत्या उन्हात उतरू नका. तुझं नवं सिम या वेळी डबीत ठेवलं नाहीस. फोनसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधलंस. रेंज नसली तरी.

तर कामाचं असं झालं. बाजार अजून उघडलेला नाही. रोज उठून विचारते. मागच्या आठवड्यात चांगदेवला फोन लावला, म्हटलं बाजाराचं राहू दे, मीच तुझ्या गावाला येते, गावाचं नाव सांग. तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद. काल लावला तर बाई म्हणाली, हा क्रमांक सध्या सेवेत नाही. बाजार नाही, तर फोनवर पैसे कशाला, म्हणून त्यानेही सिम काढून कुठल्या तरी कोनाड्यात ठेवलं असेल. बाजार उघडला की घालीन म्हणून. तू केलंस तेच. पैसे भरले नाहीत तर कंपनी नंबर काढून घेते, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसणार.

तुझ्या फोनासारखाच एक मी शेजारणीकडून मागून आणला आणि शोधून बघितलं. दुकान आहे. लिंबाखाली आहे. खाली तोच जुना नंबर आहे, आणि मशीनचे आकडे ऐकायलाही आता त्यावर कुणी नाही.

बेल्ह्याला मी गेले होते. फाटकाला कुलूप, आत नुसत्या दावणी. चहावाल्याला चांगदेव म्हणून विचारलं तर म्हणाला, संगमनेरकडचे व्यापारी ढिगाने येतात, ताई, नावं कोण विचारतं, आम्ही बैल ओळखतो.

घोंगडी माझ्याकडेच आहे. ट्रंकेवर घडी करून ठेवली आहे, घडीत लिंबाचा पाला घातलाय, कसर लागू नये म्हणून. तू वर आलीस की बांधावरून पहिली हाळी देशील, "दिली का?"